खुर्चीवरची सुपारी

आमच्या आतोबांइतका वेळेआधी हजर होणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत दुसरा झाला नसेल, आणि गैरहजर माणसाची बाजू घेऊन त्यांच्याइतका भांडलेला माणूस तर साऱ्या हिंदुस्थानात सापडायचा नाही. लग्नाचं आमंत्रण असलं की मांडवाचे खांब रोवायला आलेल्या गड्यांच्या आधी हे दारात. आमच्याकडे कल्याणला यायचं असलं तर गाडीच्या आधी तासभर ठाण्याच्या फलाटावर छत्री टेकून उभे. पण पंगतीत एखादं पान रिकामं दिसलं की यांचा घास तिथेच अडायचा. हे पान कुणाचं, ते का आले नाहीत, त्यांना कोणी बोलवायला गेलं होतं का, अशी चौकशी सुरू व्हायची. मग वाढप्याला हुकूम सुटायचा, "त्या पानावर जिलबी वाढा. माणूस आला नाही म्हणून त्याची जिलबी कशी जाईल?" वाढपी निमूटपणे वाढायचा आणि ती जिलबी शेवटी आतोबांनाच खावी लागायची, कारण अन्न टाकणंही त्यांना मंजूर नव्हतं.

आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. ठाण्यात खोपटाकडे त्यांचं कौलारू घर होतं. तारुण्यात ते एका सरकारी कचेरीत होते आणि तिथे हजेरीचं पुस्तक त्यांच्याकडे असायचं. एका पावसाळ्यात त्यांनी एका कारकुनाच्या नावापुढे ओळीने तीन दिवस 'गैरहजर' असं लिहिलं. नियमाप्रमाणेच लिहिलं. चौथ्या दिवशी कळलं की तो बिचारा शहाडजवळ उल्हास नदीच्या पलीकडे अडकला होता. नदीला पूर आलेला, घरात मूल तापाने फणफणलेलं. तोवर साहेबाने त्याला कामावरून काढून टाकलं होतं. आतोबा साहेबापुढे जाऊन उभे राहिले, तर साहेबाने पुस्तक उघडून त्यांचंच अक्षर त्यांना दाखवलं. ही गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलं नाही. नंतर म्हणाले, "गैरहजर माणूस नसतो असं थोडंच आहे रे? तो दुसरीकडे असतो, एवढंच." पुढे जन्मभर त्यांनी जे जे चाळे केले त्याचं मूळ मला त्या पुस्तकात दिसतं.

चाळ्यांपैकी सगळ्यात मोठा चाळा भरती-ओहोटीचा. खाडीवरच्या पुलाच्या कामाला आलेल्या एका विलायती इंजिनिअरने यांचं वळणदार अक्षर पाहून यांना एका सभेचे सभासद करून टाकलं. ही सभा हॉलंड देशातल्या एका बंदरात भरायची, आणि तिचे सभासद जगभर पसरलेले होते. ज्याने त्याने आपापल्या किनाऱ्यावर पाणी किती चढलं, किती उतरलं ते मोजायचं आणि दर महिन्याला टपालाने कळवायचं. आतोबांनी खाडीच्या काठावर रेघा मारलेला एक वासा रोवला आणि ऊन असो, वारा असो, रोज अर्ध्या तासाची पायपीट करून ते पाणी बघायला जाऊ लागले. गंमत अशी की ज्या माणसाने आयुष्यभर समुद्र मोजला त्याला होडीत पाऊल टाकलं की भोवळ यायची. आणि भोवळ सोसली असती तरी उपयोग नव्हता, कारण समुद्र ओलांडणार नाही असा त्यांनी आईला तिच्या शेवटच्या दिवसांत शब्द दिला होता.

आतोबांना गावाला जावं लागलं तर बाळकुमचा जोमा नाखवा त्यांच्या वतीने वाशावरची रेघ बघून ठेवायचा. जोमाला वासाही नको होता आणि घड्याळही नको होतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे त्याच्या बापाने त्याला सांगितलं होतं आणि तेवढ्यावर त्याचं सगळं चालायचं. आतोबांची वही बघून तो हसायचा. "दर्याला कागद कनाला दाखवतंव, दादा? त्यो आपला येतंय नि जातंय." आतोबा गंभीरपणे म्हणायचे, "त्याला नाही दाखवत. हॉलंडला दाखवतो." हॉलंड हे कुणी मोठे सावकार असावेत अशी जोमाची समजूत होती, आणि ती दूर करायचा प्रयत्न कोणी केला नाही.

सभेकडून वर्षातून एकदा सभासदांची छापील यादी येई. आतोबांचं नाव त्यात इतकं वेडंवाकडं छापलेलं असे की आत्याने ते ऐकलं असतं तर उखाण्यात घेतलं नसतं. पण नावापुढे 'ठाणे, हिंदुस्थान' हे ठसठशीत होतं आणि त्यावर बोट ठेवून ते आल्यागेल्याला दाखवत. बाकीच्या सभासदांना त्यांनी आपल्या पद्धतीने आडनावं देऊन टाकली होती. लिस्बनचा तो लिस्बनकर, सिंहलद्वीपातल्या गॉल बंदराचा तो गालकर, आणि नॉर्वेतल्या एका दीपगृहावर राहणारे गृहस्थ ते नॉर्वेकर. त्यांच्या बोलण्यात ही माणसं इतक्या सहज यायची की आमच्या घरी आलेल्या एका पाहुण्याने, लिस्बनकरांकडे लग्नाची मुलगी आहे का, असं खरोखरच विचारलं होतं. यादीच्या शेवटी त्या वर्षी वारलेल्या सभासदांची नावं असत. ती वाचून झाली की आतोबा उठून अंघोळ करायचे. मरणाची बातमी उशिरा कळली तर अंघोळीने भागतं असं शास्त्र आहे, आणि यांच्या बातम्या तर सहासहा महिने शिळ्या. त्या दिवशी घरात गोडधोड होत नसे. आत्या कुरकुरायची, "आज कोण गेलं म्हणायचं?" "फिनलंडकर," असं आतून उत्तर यायचं आणि पाण्याचा तांब्या ओतल्याचा आवाज यायचा.

दुःख होतं ते एकच. सभेची वार्षिक बैठक भरे तिचं बोलावणं मेलबोटीने यायचं, आणि सुएजचा कालवा झाला तरी ते हाती पडेपर्यंत बैठक होऊन गेलेली असे. तरी आतोबा त्यातल्या प्रत्येक ठरावावर आपलं मत लिहून पाठवत. 'ठराव पहिला, मंजूर. ठराव दुसरा, नामंजूर, कारणे सोबत.' मी कल्याणच्या शाळेत इंग्रजी शिकवत असल्यामुळे त्यांच्या कचेरीतल्या इंग्रजीला जरा इस्त्री करून स्वच्छ प्रत काढण्याचं काम माझ्याकडे असे. मी एकदा म्हटलं, "आतोबा, ही सभा तर गेल्या महिन्यात झाली." ते म्हणाले, "त्यांची झाली. माझी आज आहे." चिटणिसांचं उत्तर दर वर्षी एकच येई. आपली मतं आनंदाने वाचली, परंतु नियमाप्रमाणे मत देण्याचा हक्क फक्त हजर सभासदांना आहे. हे पत्र आलं की दोन दिवस आतोबांशी बोलण्यात अर्थ नसे.

मग तो राग गावावर निघायचा. ठाण्यातल्या एका लहानशा वाचनालयाचे ते कारभारी होते. नियतकालिकं सभासदांना घरी न्यायला द्यावीत की नाही, असा प्रश्न तिथे निघाला. एक सभासद काशीयात्रेला गेले होते, तर त्यांचं मत आल्याशिवाय निकाल लावायचा नाही म्हणून आतोबांनी सभा चार महिने तहकूब ठेवली. लोक वैतागले, पण त्यांच्यापुढे कोणाचं काही चालेना. अखेर यात्रेकरू गंगेचा गडू घेऊन परतले. आतोबा स्टेशनावर हजर, मतपत्रिका घेऊन. यात्रेकरू म्हणाले, "अहो, मला दोन वर्षं अक्षर दिसत नाही. मी तिथे वाऱ्याला येऊन बसतो." आतोबांनी कागदावर लिहिलं, 'तटस्थ, वाऱ्याच्या बाजूने.' ठाण्यात हा शेरा पुढे बरीच वर्षं चालला. कोणाला कसलंच मत नसलं की लोक म्हणायचे, हा वाऱ्याच्या बाजूचा.

एवढा सगळा गैरहजरांचा कैवार, पण घरात मात्र आत्याचं मत त्यांनी कधी विचारलेलं मला आठवत नाही. वाचनालयाच्या कुठल्याशा वर्गणीवर ते बेधडक लिहीत, 'कुटुंबाचे मत तेच.' आत्या एकदा कल्याणला माहेरी आलेली असताना त्यांच्याकडे पूजा निघाली. बायको जवळ नसली तर तिच्या जागी कमरेला सुपारी खोचून यजमानाने पूजेला बसायचं, ही आपली रीतच आहे. त्याप्रमाणे आतोबा सुपारी खोचून बसले, पूजा यथासांग झाली. आत्या परत गेल्यावर हे ऐकून म्हणाली, "सुपारीच बरी होती. उलट बोलत नाही." आतोबा हसले, पण ती सुपारी त्यांच्या डोक्यात रुतून बसली असावी, कारण पुढे जे घडलं ते तिच्यामुळे.

झालं असं की एका वर्षी सभेचं बोलावणं लवकर आलं. चिटणिसांनी मुद्दाम आधी पाठवलं होतं, कारण बातमी वाईट होती. ज्या सभासदांनी दहा वर्षांत एकाही बैठकीला हजेरी लावली नाही त्यांची नावं यादीतून कमी करावीत, असा ठराव यायचा होता. आतोबा ते पत्र घेऊन थेट कल्याणला माझ्या शाळेत आले आणि वर्ग चालू असताना दारात उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्यांना छत्रीशिवाय पाहिलं. "माझ्या नावापुढे गैरहजर लिहिताहेत," एवढंच म्हणाले. मी मुलांना सुट्टी देऊन टाकली. हजेरीच्या पुस्तकात ज्याने तारुण्य घालवलं त्याला त्या ओळीचा अर्थ दुसऱ्या कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

ते खचून बसणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी रीतसर मुखत्यारपत्र तयार केलं. आपल्या वतीने मत द्यायला त्यांनी नॉर्वेकरांना नेमलं, ज्यांना त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं आणि ज्यांचं पत्रही कधी आलेलं नव्हतं. हाच माणूस का, असं मी विचारलं. सभेच्या छापील अहवालात सभासदांच्या नोंदींचे नमुने येत, त्यातलं नॉर्वेकरांचं पान त्यांनी माझ्यापुढे धरलं. "बघ. चुकलेला आकडा खोडून टाकत नाही. एक रेघ मारतो आणि शेजारी बरोबर लिहितो. असा माणूस दगा देत नाही." आणि मुखत्यारपत्राबरोबर त्यांनी कापडात शिवून एक सुपारी ठेवली. मला वाक्य लिहायला लावलं की आमच्याकडे घरचं माणूस दूर असलं तर त्याच्या जागी सुपारी ठेवतात आणि कार्य थांबत नाही, तरी ही सुपारी माझ्या खुर्चीवर ठेवून मी हजर आहे असं मानावं. मी हातातला टाक खाली ठेवला. "आतोबा, ते लोक हसतील." "हसू देत," ते म्हणाले, "हसायला तरी माझ्याकडे बघावं लागेल."

सभेच्या दिवशी मी खोपटाला गेलो. हॉलंडची सकाळची बैठक म्हणजे आमचे दुपारचे पावणेचार, हा हिशेब त्यांनी पंचांग आणि नकाशा घेऊन काढला होता. अंघोळ करून, पगडी घालून, उपरणं घेऊन ते ओसरीवरच्या खुर्चीत बसले. आत्याने माजघराच्या दारातून मला गप्प राहण्याची खूण केली. तेवढ्यात जोमा पाण्याची रेघ सांगायला आला आणि मोठ्याने हाक मारणार, तोच आत्या म्हणाली, "बोलू नकोस रे. इकडची स्वारी सभेत आहे." जोमाने इकडेतिकडे पाहिलं. ओसरीवर आम्ही दोघेच. "मंग मी बी बसतंय," म्हणून तो पायरीवर टेकला. तासभर सभा चालली. मध्येच आतोबांनी उजवा हात वर केला, थोडा वेळ तसाच धरला आणि खाली घेतला. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

दोन महिन्यांनी नॉर्वेकरांचं पत्र आलं. इंग्रजी सावकाश, एकेक शब्द तपासून लिहिलेलं. चिटणिसांनी मुखत्यारपत्र नियमात बसत नाही म्हणून बाजूला ठेवलं. तेव्हा नॉर्वेकरांनी एक रिकामी खुर्ची ओढून तिच्यावर सुपारी ठेवली. अध्यक्षांनी, हे काय आहे, असं विचारलं. नॉर्वेकरांनी आमच्या रीतीचं ते वाक्य उभं राहून वाचलं. कोणी हसलं नाही. मग मतं मोजली गेली, सुपारीचं मत धरलं नाही आणि ठराव थोडक्या मतांनी पास झाला. पुढे लिहिलं होतं, 'परंतु ती खुर्ची हलवावी असा ठराव कोणीही मांडला नाही. म्हणून पुढल्या वर्षीही मी सुपारी तिथेच ठेवणार आहे.' आतोबांनी पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "हे काय आहे असं विचारलं ना त्यांनी?" एवढंच म्हणाले. त्यानंतर नवी छापील यादी आली. त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचली, घडी करून ठेवली आणि उठून अंघोळीला गेले. आत्याच्या लक्षात आलं तशी ती मागोमाग धावली. "अहो, हे काय अभद्र!" आतून तांब्या ओतल्याचा आवाज येत राहिला.

त्यानंतर ते आपल्या नोंदी नॉर्वेकरांना पाठवू लागले. पत्रांतून त्यांनी आपली सगळी शास्त्रं त्या गृहस्थांना शिकवली, अंघोळीचंसुद्धा. आणि दर वर्षी नॉर्वेकरांचं एक वाक्य यायचं, 'सभा झाली. आपण हजर होता.' त्या वाक्यावर आतोबा वर्षभर खूश असत. अशी पाचसहा वर्षं गेली. एका पौषात खाडीवरून येताना त्यांच्या छातीत कळ आली आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. शेवटल्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं ते इतकंच, "रेघ बघितली का कोणी?"

दिवसवार उरकले. मी पत्र लिहून कळवणार होतो, पण हात वळत नव्हता, आणि तेवढ्यात नॉर्वेकरांचंच पत्र आलं. सभा आतोबा गेल्यानंतर महिन्याने भरली होती. पत्रात नेहमीचं वाक्य होतं, 'आपण हजर होता.' खाली आणखी होतं. दूरच्या सभासदांची मतं टपालाने घ्यावीत आणि कमी केलेली नावं परत घ्यावीत, असा ठराव स्वतः नॉर्वेकरांनी मांडला होता, त्यावर पुढल्या बैठकीत निकाल व्हायचा होता. आपलं मत कृपा करून कळवावं.

हे पत्र मी माजघरात बसून आत्याला वाचून दाखवलं. ती लाल आलवण नेसून भिंतीशी बसली होती. मग म्हणाली, "त्यांचं मत काय, ते तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे. पण आत्या, ते आता..."

"तेही लिही. लपवायचं कशाला? पण ते खाली लिही. वर मत लिही." मग जरा थांबून म्हणाली, "आणि माझंही लिही. मला कोणी विचारलं नाही म्हणून काय झालं? लिही की बाईचं मतही होय असं आहे."

मी लिहिलं. आत्या उठली, फडताळातून सुपारीचा डबा काढला, एकेक सुपारी कानाशी हलवून बघितली आणि किडकी नसलेली एक निवडली. जुनी एव्हाना पोखरली असेल, ती म्हणाली. सुपारी माझ्या हातावर ठेवता ठेवता तिने हात मागे घेतला. "माझ्या हातची चालेल का रे तिकडे?" मी म्हटलं, "तुझ्याच हातची चालेल."

उत्तर यायला वर्ष लागलं, कारण नॉर्वेकरांनी सभा होईपर्यंत वाट पाहिली. ठराव पास झाला होता. दोन्ही मतं त्यांनी वाचून दाखवली, बातमीही वाचली. चिटणिसांनी विचारलं की मग हे गृहस्थ आता कुठे आहेत असं नोंदीत लिहायचं, तेव्हा नॉर्वेकर म्हणाले, 'दुसरीकडे.' चिटणिसांनी तसंच लिहून घेतलं. नवी सुपारी खुर्चीवर ठेवली. जुनी आता दीपगृहात आहे, दिव्याच्या वहीशेजारी. आणि पत्राच्या तळाशी होतं, 'आपलं दुःखाचं पत्र ज्या दिवशी मिळालं, त्या दिवशी आपल्या रीतीप्रमाणे मी समुद्रात उतरून स्नान केलं. पाणी फार थंड होतं.'

आत्याने डोळ्यांना पदर लावला. मग एकदम सावरून म्हणाली, "अरे, सर्दी नाही ना झाली त्यांना? विचार बघू."

त्या स्नानाला वर्ष होत आलं होतं, आणि माझं पत्र पोचायला आणखी महिना लागणार होता. हे मी तिला सांगितलं नाही. त्याच दिवशी पत्र टपालात टाकलं आणि परत येताना खाडीवर जाऊन रेघ बघून आलो.